स्वीडिश खलाशी पूर्वजाच्या स्थलांतराचा माग कसा काढावा?

शहापूरकर (बेळगाव) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याची वंशावळ जुळवायला घेतली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, घरातल्या पेटीतले मोडी कागद, खानापूर तालुक्यातल्या मूळ गावच्या जमिनीचे जुने उतारे आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे कानडी दप्तर, अशा वाटेने ती बरीच मागे नेता आली. आता नातवासाठी ती नीट लिहून काढतो आहे, आणि लिहिताना सारखे जाणवते की वहीची एक बाजू भरलेली असून दुसरी अगदी कोरी आहे. माझा मुलगा सिएटलला असतो, सूनबाई तिथल्याच. त्यांचे पणजोबा स्वीडनहून आलेले खलाशी होते, यापलीकडे त्यांच्या घरात कोणाला काही ठाऊक नाही. माझ्या नातवावर त्या घराचाही आमच्या घराइतकाच हक्क आहे, म्हणून ती पाने कोरी सोडणे मला पटत नाही.

हाताशी असलेले पुरावे असे आहेत. अमेरिकेच्या १९०० सालच्या जनगणनेत त्यांचा जन्म सप्टेंबर १८६७, जन्मदेश स्वीडन, अमेरिकेत आल्याचे साल १८८९ आणि व्यवसाय खलाशी अशी नोंद आहे. आडनाव जॉन्सन आहे. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून ‘गोथेनबर्ग, स्वीडन’ लिहिले असून वडिलांचे नाव जॉन आणि आईच्या नावाची जागा मोकळी आहे. नागरिकत्वाच्या अर्जात त्यांनी ‘स्वीडन आणि नॉर्वेच्या राजा’वरची निष्ठा सोडल्याचे लिहून दिले आहे. घरात एक स्वीडिश स्तोत्रसंग्रह आहे, पण त्यावर गावाचे नाव नाही. घरातली आख्यायिका अशी की दुष्काळात उपाशी राहण्यापेक्षा ते समुद्रावर गेले आणि पुढे कुठल्याशा बंदरात जहाज सोडून पळाले.

मी न्यूयॉर्कला उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या आणि गोथेनबर्गहून निघालेल्यांच्या याद्या १८८९ आणि त्याच्या आगेमागची साले धरून चाळल्या. जॉन्सन आणि योहानसन इतके निघाले की त्यांतून आपला माणूस ओळखण्याचे साधनच उरले नाही. तेव्हा विचारायचे हे की अशा माणसाचा शोध कोणत्या दप्तरात घ्यावा, ते नॉर्वेचे असण्याची शक्यता धरावी का, आणि बेळगावात बसून हे काम तडीस नेता येईल का?

निपाणीकर यांचे उत्तर

शहापूरकर सर, नमस्कार. माझा जन्म व्यापारी जहाजांवर गेला, म्हणून खलाशाच्या बाजूने जे कळते ते सांगतो.

तुम्ही चाळलेल्या दोन्ही याद्या प्रवाशांच्या आहेत आणि तुमचा माणूस प्रवासी नव्हता. त्या काळी स्वीडनहून अमेरिकेला निघालेले बहुतेक लोक गोथेनबर्गहून विल्सन लाइनच्या बोटीने इंग्लंडच्या हल बंदराला जात, तिथून आगगाडीने लिव्हरपूलला आणि मग अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटीवर चढत. प्रवासी दलालाशी झालेला त्यांचा करार गोथेनबर्गच्या पोलिसांकडे तपासला जाई, आणि त्यातूनच १८६९ पासूनच्या त्या याद्या तयार झाल्या आहेत. जो माणूस जहाजावर कामाला लागून निघाला त्याने तिकीट काढले नाही, दलालाशी करार केला नाही, आणि निघताना आपण देश सोडतो आहोत असे कोणाला सांगितलेही नाही. बहुधा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल. त्यामुळे त्या याद्यांत तो सापडला नाही याचा अर्थ तुमच्या शोधात काही उणे राहिले असा मुळीच होत नाही.

खलाशाची नोंद वेगळ्या ठिकाणी होत असे. स्वीडनच्या बंदरगावांत १७४८ च्या नियमांपासून ‘शोमान्सहूस’ नावाची खलाशांची नोंदणीगृहे होती आणि ती थेट १९६१ पर्यंत चालली. परदेशी जाणाऱ्या जहाजावर चढायचे तर तिथे नाव घालावे लागे. प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि त्या क्रमांकापुढे जन्मतारीख, जन्मगाव, कोणत्या जहाजावर कोणत्या हुद्द्याने चढला, कप्तान कोण, जहाज कुठे निघाले, खलाशी कधी उतरला, हे सगळे ओळीने लिहिले जाई. शिवाय प्रत्येक सफरीची हजेरीपटासारखी स्वतंत्र यादी असे आणि तिच्यात पगारही असे. माणूस बुडाला, रुग्णालयात राहिला किंवा पळाला, तर तेही लिहिले जाई, आणि पळाल्याची नोंद बहुतेक वेळा बंदराच्या नावासह व तारखेसह सापडते. तुमच्या घरातली आख्यायिका खरी असेल तर तिचा लेखी पुरावा असलाच तर इथेच असणार. अशा नोंदींची एक शोधसूची स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर आणली आहे. गोथेनबर्गखेरीज त्याच किनाऱ्यावर उद्देवाल्ला आणि मार्स्ट्रांड इथेही अशी गृहे होती, तेव्हा एका बंदरावर थांबू नका.

आता पळण्याविषयी थोडेसे, कारण घरच्या लोकांना ही गोष्ट लाजेची वाटते आणि ती तशी नाही. त्या काळी अमेरिकन जहाजांवरचा, विशेषतः पॅसिफिक किनाऱ्यावरचा पगार स्वीडिश जहाजांवरच्या पगारापेक्षा बराच जास्त होता. कॅलिफोर्नियाचा गहू युरोपला नेण्यासाठी शिडाची जहाजे सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडत आणि त्यांच्यावरची माणसे तिथे सर्रास उतरून जात. उत्तरेकडच्या जंगलांतले लाकूड वाहणाऱ्या किनारी शिडाच्या जहाजांवर तर इतके स्कँडिनेव्हियन होते की त्या ताफ्याला लोक ‘स्कँडिनेव्हियन आरमार’ म्हणत. त्या किनाऱ्यावरच्या खलाशांच्या संघटनेचे पुढारी अँड्र्यू फ्युरुसेथ हेही नॉर्वेहून आलेले खलाशीच होते. त्यांनी वर्षानुवर्षे झगडून १९१५ चा खलाशी कायदा करून घेतला, तेव्हा कुठे जहाज सोडल्याबद्दल तुरुंगात टाकणे बंद झाले. त्याआधी परदेशी जहाजावरून पळालेल्या माणसाला वकिलातीच्या सांगण्यावरून पकडून परत जहाजावर नेऊन घालता येत असे. म्हणून पुष्कळांनी किनाऱ्यावर पाय ठेवताच नाव थोडे बदलले. जॉन्सन हे नाव अशा वेळी फार सोयीचे होते, हे ध्यानात ठेवा.

टिळकवाडीकर (सध्या गोथेनबर्ग) यांचे उत्तर

काका, नमस्कार. मी टिळकवाडीची. लग्नानंतर इथे आले, आणि इथल्या अभिलेखागाराच्या वाचनकक्षात शेजारच्या एका आजींसोबत त्यांच्या घराण्याच्या नोंदी शोधायला जाता जाता मलाच या कामाची गोडी लागली.

आधी ‘गोथेनबर्ग’ या शब्दावर विसंबू नका. हा सगळा पश्चिम किनारा १९९८ पर्यंत ‘गोथेनबर्ग आणि बोहुस’ या नावाच्या जिल्ह्यात मोडत होता. चिकोडीचा किंवा अथणीचा माणूस मुंबईत गेला की ‘आम्ही बेळगावचे’ म्हणतो, तसेच इथल्या बेटांवरचा माणूस अमेरिकेत गोथेनबर्गचे नाव सांगे. खलाशी म्हटल्यावर तर मी शहराआधी बोहुस्लेनचा किनारा, ओरुस्त आणि शोर्न ही बेटे आणि आसपासची मच्छीमार गावे धरीन.

नॉर्वेची शंका मात्र सोडून द्या. १८१४ पासून १९०५ पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता, म्हणून अमेरिकेतल्या अर्जांवर दोन्ही देशांची नावे येतात, मग अर्जदार स्वीडिश असो वा नॉर्वेजियन. जनगणनेत जन्मदेश स्वीडन लिहिलेला आहे तोच धरावा. आपल्या भागातल्या माणसाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट जाता जाता सांगते. हे बोहुस्लेन स्वतःच सीमाभाग आहे. १६५८ च्या रोस्किल्डच्या तहापर्यंत तो मुलूख नॉर्वेचा होता, आणि लोक, बोली, सोयरीक तिथेच राहून राज्य तेवढे बदलले.

दुष्काळाच्या आख्यायिकेबद्दल मला शंका आहे. स्वीडनमधला मोठा दुष्काळ १८६७ ते १८६९ चा, म्हणजे तुमच्या खलाशांच्या जन्माच्या वेळचा आहे. ते समुद्रावर गेले असतील त्या वर्षांत या किनाऱ्याची स्थिती उलट होती. १८७७ च्या सुमारास हेरिंग मासळीचे मोठे थवे किनाऱ्याला परत आले आणि १९०६ पर्यंत येत राहिले, त्यामुळे मासेमारी, खारवणे, तेल काढणे अशी कामे निघाली होती. तेव्हा उपासमारीपेक्षा पगार आणि जहाजावरची बढती ही कारणे मला अधिक पटतात. दुष्काळाची आठवण कदाचित त्यांच्या आईवडिलांची असेल आणि सांगता सांगता ती मुलाच्या नावावर चढली असेल.

आता मुख्य साधनाकडे येते. इथे जन्ममृत्यूच्या आणि राहण्याच्या नोंदी ठेवण्याचे काम १९९१ च्या मध्यापर्यंत चर्चकडे होते. १६८६ च्या चर्चच्या कायद्यापासून पाद्री आपल्या परगण्यातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, प्रत्येक घराची वाचनाची आणि धर्मज्ञानाची परीक्षा घेऊ लागले, आणि त्यासाठी ठेवलेल्या वह्यांतून पुढे घरवार नोंदवह्या तयार झाल्या. एका पानावर एक वाडी किंवा एक घर, त्यात कर्ता पुरुष, बायको, मुले, नोकर, प्रत्येकाची जन्मतारीख, जन्मपरगणा, कोणत्या साली कुठून आला आणि कुठे गेला, हे सारे असते. एक वही साधारण पाच ते दहा वर्षे चाले. १८९५ पासून तिचे स्वरूप बदलून परगण्याची नवी वही आली, पण धागा तोच राहिला. मुलगा समुद्रावर असेल तर त्याच्या ओळीत तसा शेरा असतो. वर्षानुवर्षे काही पत्ता लागला नाही तर पाद्री त्याचे नाव तिथून काढून ठावठिकाणा नसलेल्यांच्या यादीत टाकतो. ही यादी बहुधा वहीच्या शेवटी असते आणि खलाशी शोधणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजे. रीतसर देश सोडणारा पाद्र्याकडून स्थलांतराचा दाखला घेत असे. परगण्यांच्या अशा नोंदींवरून ‘एमिबास’ ही सूची केली आहे, आणि निपाणीकर काकांनी सांगितलेल्या पोलिसांच्या याद्यांवरून ‘एमिहामन’. पळालेला खलाशी या दोन्हींत सहसा नसतो, पण अमेरिकेत लग्न ठरल्यावर त्याने गावच्या पाद्र्याला पत्र लिहून दाखला मागवला असेल तर उशिराच्या सालाखाली त्याचे नाव एमिबासमध्ये येऊ शकते. म्हणून १८८९ वर थांबू नका, लग्नाच्या सालापर्यंत या.

नावाविषयी एवढे सांगते की त्या पिढीत खेड्यांत आडनावे फारशी नव्हती. योहानसच्या मुलाला योहानसन किंवा योहानेसन म्हणत, मुलीच्या नावाला ‘दोत्तर’ लागे आणि ती लग्नानंतरही आपल्या बापाचेच नाव लावी. आडनाव पिढीजात ठेवण्याचा नियम १९०१ मध्ये आला. म्हणजे जॉन्सन हे आडनाव घराण्याचे नसून वडिलांचे नाव सांगणारे आहे, आणि मृत्यूच्या दाखल्यावरच्या ‘जॉन’शी ते जुळते. पण जन्माच्या नोंदीत बाळाचे फक्त पाळण्यातले नाव असते, त्यामुळे आडनावाने शोधून जन्म सापडणार नाही. नाव, जन्मतारीख आणि परगणा ही तीन हवीत. परगणा कळला की बाकीचे घरबसल्या होते. राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन केलेल्या वह्या २०१८ पासून सर्वांना फुकट पाहता येतात. रंगीत आणि अधिक स्पष्ट चित्रे हवी असतील तर आर्किव्ह डिजिटल या संस्थेची वर्गणी भरावी लागते.

खानापूरकर यांचे उत्तर

शहापूरकर सर, आपण मोडी वाचता, त्यामुळे जुन्या स्वीडिश हाताची भीती बाळगू नका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ पाद्री जर्मन वळणाच्या अक्षरात लिहीत. रकाने ठरलेले आणि शेरे त्याच त्या ठरावीक शब्दांचे असल्यामुळे आठवडाभरात डोळा बसतो.

वरच्या दोघांनी सांगितलेले सारे मोलाचे आहे, पण क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. निपाणीकर साहेबांच्या सल्ल्याप्रमाणे आपण आत्ताच खलाशांच्या नोंदणीगृहात शिरलात तर तिथेही योहानसनांचीच गर्दी भेटेल, कारण आपल्याजवळ महिना आणि साल आहे, तारीख नाही, गाव नाही. आधी अमेरिकेतच थांबून परगण्याचे नाव मिळवावे. ते मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे स्वीडिश लूथरन मंडळ्यांची दप्तरे. १८६० मध्ये स्थापन झालेल्या ऑगस्टाना सिनॉड या चर्चसंघाच्या मंडळ्या आपल्या वह्या स्वीडिशमध्ये आणि मायदेशाच्याच धर्तीवर ठेवीत, आणि सभासदाच्या नावापुढे जन्मतारीख व जन्मपरगणा लिहीत. इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन केंद्र आहे, तिथे या वह्यांच्या सूक्ष्मपट्ट्या (मायक्रोफिल्म) जतन केल्या आहेत. तुमचे खलाशी स्वतः चर्चला गेले नसले तरी मुलांचा बाप्तिस्मा झाला असेल, आणि त्या नोंदीत आईबापांची माहिती असते. सूनबाईंच्या घरच्यांना एवढेच विचारा की मुले कोणत्या चर्चमध्ये नेली आणि अंत्यविधी कोणी केला.

नागरिकत्वाच्या कागदांत पुन्हा एकदा डोकवावे. सप्टेंबर १९०६ च्या आधीचे अर्ज फार त्रोटक असतात, जन्मगाव नसते. त्यानंतरच्या अर्जांत जन्मस्थान, जन्मतारीख, जहाजाचे नाव आणि आगमनाची तारीख विचारलेली असते. १८७२ च्या कायद्याने अमेरिकन व्यापारी जहाजावर तीन वर्षे काम केलेल्या परदेशी खलाशाला नागरिकत्वाची वेगळी वाट मोकळी केली होती, तेव्हा अर्जासोबत जहाजांचे दाखले जोडलेले आहेत का तेही पाहावे. सॅन फ्रान्सिस्कोतले पुष्कळ दप्तर १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाले, म्हणून वॉशिंग्टन राज्याच्या डिजिटल अभिलेखागारापासून सुरुवात केलेली बरी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. संकेतस्थळांवर लोकांनी चढवलेली तयार वंशवृक्षे उचलू नका. एकाच परगण्यात, एकाच महिन्यात, एकाच नावाच्या बापाची दोन मुले जन्मलेली असणे अगदी शक्य आहे. आपला माणूस हाच, असे म्हणण्याआधी दुसरा कोण होता आणि त्याचे पुढे काय झाले हे दाखवता आले पाहिजे. तो लहानपणी वारला, गावातच राहिला किंवा दुसऱ्या परगण्यात गेला, यांपैकी एक गोष्ट घरवार नोंदवहीत सापडतेच. वतनाच्या वादांत आपल्याकडे ज्या चिकाटीने पिढी लावली जाई, तीच इथे लागेल.

चिकोडीकर यांचे उत्तर

सूनबाईंच्या कुटुंबातल्या सर्वांत वयस्क हयात व्यक्तीची डीएनए चाचणी करून घेता आली तर अवश्य घ्यावी. एक पिढी मागे गेले की जुळणारा अंश वाढतो, आणि स्वीडनमध्ये या चाचण्या केलेले लोक पुष्कळ आहेत. कागद हाच पहिला पुरावा, याबाबत खानापूरकरांशी मी सहमत आहे, पण दोन नावांमधून एक निवडायचे असेल तेव्हा चुलत घराण्याशी झालेली जुळणी निर्णायक ठरू शकते.

शहापूरकर यांचे पुन्हा लेखन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खानापूरकरांचा क्रम धरून निघालो आणि वाट मोकळी झाली.

सूनबाईंच्या आत्याबाईंना आठवत होते की मुलांचे बाप्तिस्मे बॅलार्डमध्ये झाले. बॅलार्ड हे १९०७ पर्यंत सिएटलपासून वेगळे गाव होते आणि तिथे स्कँडिनेव्हियन लोकांची मोठी वस्ती होती. तिथल्या एका स्वीडिश मंडळीच्या वहीत आमच्या खलाशांचे कुटुंब सापडले. त्यांच्या नावापुढे सप्टेंबर १८६७ मधली पूर्ण जन्मतारीख आणि जन्मपरगणा मोर्लांदा असे स्वच्छ लिहिले आहे. मोर्लांदा ओरुस्त बेटावर आहे, म्हणजे ताईंचा अंदाज अगदी बरोबर निघाला.

त्या परगण्याच्या जन्मवहीत त्या महिन्यात तेच नाव ठेवलेली दोन मुले मिळाली, दोघांच्याही बापाचे नाव योहानस. एकाची तारीख बॅलार्डच्या वहीशी तंतोतंत जुळते, दुसऱ्याची दोन दिवसांनी पुढची आहे. बॅलार्डच्या लेखनिकाची तारीख दोन दिवसांनी चुकली असेल ही शक्यता उरते, म्हणून दुसऱ्या मुलाचाही मागोवा घेतला. तो दीड वर्षाचा होऊन वारल्याची नोंद मृत्यूवहीत आहे आणि घरवार नोंदवहीत त्याच्या नावावर काट मारली आहे. पहिल्या मुलाचे घर पुढच्या वह्यांत सलग सापडते. आईवडील, तीन बहिणी, एक धाकटा भाऊ. मुलाच्या ओळीत आधी समुद्रावर असल्याचा शेरा आहे आणि पुढच्या वहीत तो ठावठिकाणा नसलेल्यांच्या यादीत गेला आहे.

मग निपाणीकर साहेबांनी सांगितलेल्या सूचीत तारीख आणि परगणा घालून पाहिले. उद्देवाल्लाच्या नोंदणीगृहात ते सोळाव्या वर्षी पोऱ्या म्हणून दाखल झाले, पुढे दोन जहाजांवर चढले-उतरले, आणि तिसऱ्या जहाजावरून १८८८ च्या शरदात सॅन फ्रान्सिस्कोला पळाल्याची नोंद आहे. हे वाचून सूनबाईंच्या वडिलांचा आवाज फोनवर भरून आला. घरातली जहाज सोडून पळाल्याची आख्यायिका खरी होती, आणि आज तिला बंदर आहे, जहाज आहे, ऋतू आहे.

दोन गोष्टी अडतात. जनगणनेत आगमनाचे साल १८८९ आहे आणि इथे १८८८, तर हा फरक गंभीर मानावा का? आणि आईवडिलांना मुलाचे पुढे काही कळले होते का, हे समजण्याचा काही मार्ग आहे का? नातवाच्या वहीत मला ते लिहायचे आहे.

निपाणीकर यांचे उत्तर

सर, वाचून फार समाधान वाटले. सालाच्या फरकाची काळजी करू नका. जनगणनेच्या वेळी घरात जो भेटेल तो सांगेल ते लिहिले जाई. शिवाय खलाशाच्या बाबतीत ‘आलो कधी’ याचे उत्तर सोपे नसते. शरदात जहाज सोडून किनारी लाकूडवाहू जहाजावर चढलेला माणूस पुढच्या वर्षी कुठेतरी खोली घेऊन राहू लागला, तर तो त्याच सालापासून मोजतो. पळाल्याची नोंद त्या त्या वेळी कप्तानाने दिलेल्या माहितीवरून झालेली असते, म्हणून दोन्हींत मी तीच अधिक विश्वासार्ह मानीन. त्या सफरीची स्वतंत्र यादी मात्र जरूर मागवा. तिच्यावरून जहाज कुठून माल भरून निघाले, वाटेत कुठे थांबले आणि आणखी कोण कोण उतरून गेले ते कळेल. एकटा माणूस क्वचितच पळतो. सोबत पळालेल्यांपैकी कोणी ओरुस्तचा असला तर बॅलार्डच्या त्याच वहीत तोही सापडण्याचा संभव आहे.

टिळकवाडीकर यांचे उत्तर

काका, आईवडिलांना कळले होते का, याचे उत्तर मिळण्याची बरीच आशा आहे. १७३४ च्या कायद्यानुसार इथे माणूस वारला की तीन महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी करून ती न्यायालयात दाखल करावी लागे. भांडी, नांगर, होडीतला हिस्सा, देणी-घेणी सारे लिहिले जाई, आणि सुरुवातीलाच सर्व वारसांची नावे येत. परागंदा झालेला मुलगाही त्यातून वगळता येत नसे. त्याच्या नावापुढे तो अमेरिकेत आहे किंवा त्याचा ठावठिकाणा माहीत नाही, असे लिहीत आणि त्याच्या वतीने हित पाहायला एक विश्वस्त नेमत. पाद्र्याच्या वहीत ‘ठावठिकाणा नाही’ असताना घरच्यांनी या यादीत सिएटलचे नाव लिहिलेले असू शकते, कारण पाद्र्याला न सांगताही पत्रे येत असत.

म्हणून आता असे करा. घरवार नोंदवहीत आणि १८९५ नंतरच्या परगण्याच्या वहीत योहानस आणि त्यांच्या पत्नी यांच्या मृत्यूच्या तारखा शोधा. त्या हाती आल्या की मला कळवा. ओरुस्तच्या न्यायालयाचे दप्तर इथल्या अभिलेखागारातच आहे, मी वाचनकक्षात जाऊन दोन्ही याद्यांची छायाचित्रे काढून पाठवीन. धाकट्या भावाची यादीही पाहू. तो निपुत्रिक वारला असेल तर भावंडे आणि भाचरे वारस म्हणून लिहिलेली असतील, आणि तसे असेल तर तुमच्या सूनबाईंच्या आजोबांचे नाव अमेरिकेतल्या पत्त्यासह त्या कागदावर येऊ शकते. तिन्ही बहिणींची लग्ने कुठे झाली तेही त्याच वह्यांतून काढून ठेवा. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही याच किनाऱ्यावर असण्याची शक्यता आहे, आणि चिकोडीकरांनी सुचवलेली चाचणी त्यांच्यापैकी कोणी केलेली असली तर दोन्ही घरांची गाठ पडेल.